मागे वळून बघायचं नाही!

बाहुली करावी तर मीच करावी! हे मी नाही म्हणत, अख्खी शाळा म्हणते. म्हणजे, यंदापर्यंत म्हणायची.

आमचं पोलंडमधलं गाव टीचभर, पण मझान्नाच्या बाबतीत कुणाला हार जाणारं नाही. मझान्ना म्हणजे हिवाळ्याची बाई. पेंढ्याची करायची, जुने कपडे चढवायचे, पोरांनी भांड्यांची झाकणं बडवत नदीवर न्यायची, केस पेटवायचे आणि द्यायची ढकलून! गेला हिवाळा, चला घरी! नियम दोनच. बुडवलेल्या मझान्नाला हात लावायचा नाही, आणि परतताना मागे वळून बघायचं नाही. बघितलं की वर्षभर आजारपण घरात ठाण मांडून बसतं.

यंदा मात्र नुसती हौस नव्हती. शाळा सुटल्यावर पोरं जिथं थांबतात ती खोली मी सांभाळते. आईबाप कामावरून येईपर्यंत पोरं माझ्याकडे कातरकाम करतात, बुद्धिबळ खेळतात, एकमेकांच्या झिंज्या ओढतात. आमच्या मुख्याध्यापिका ओतिलियाबाईंना त्या खोलीत कॉम्प्युटर मांडायचे होते. मिरवणुकीनंतर पालकांची सभा, सभेत घोषणा, की खोली बंद! सात वर्षांच्या याग्नाची आई बेकरीत आहे, अंधार पडेपर्यंत सुटत नाही. पोरगी माझा हात धरून विचारते, "झेनोबियाबाई, मग मी फाटकापाशी उभी राहू का?"

मी मनात म्हटलं, थांबा. अशी मझान्ना करते, अशी मिरवणूक काढते, की पालकच म्हणतील, खोलीला हात लावून तर दाखवा!

चेहरा कागदाच्या लगद्याचा केला. तो मळताना डोकं तापलेलं होतं, एवढंच मला आठवतंय. कुणाला डोळ्यांपुढे ठेवून केला नाही, शपथ! पण व्यायामाचे शिक्षक गुस्ताव दारात आले आणि उंबऱ्यातच थबकले.

"बाई, ही कुणासारखी दिसतेय हो?"

"हिवाळ्यासारखी!"

"हिवाळ्याला हनुवटीवर चामखीळ असते?"

"लगद्याचा गोळा राहिलाय तो! तुम्ही आपल्या उड्या मोजा!"

पोरांचंही काहीतरीच. म्हणाली, बाई, ती आमच्याकडे बघते, तिचं तोंड भिंतीकडे करा. केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खोली उघडली, तर ती दाराकडे तोंड करून बसलेली! झाडणाऱ्यांनी हलवली असेल, असं मी पोरांना ठणकावून सांगितलं. स्वतःला सांगायला मात्र जरा वेळ लागला.

मिरवणुकीच्या सकाळी धुकं असं उतरलं, की शाळेचं फाटक शाळेतून दिसेना. त्यात आमच्या मझान्नाबाईसाहेबांच्या अंगावर कोट नाही! पालकांनी आणलेले कपडे तिला होईनात. खोलीबाहेरच्या बोळात हरवल्या-सापडल्या वस्तूंची पेटी असते, तिच्यावर एक हिरवा कोट पडला होता. पेटीवर पडलेलं ते पेटीतलं, असा मी सरळ हिशेब केला. घातला तर काय सांगू, तिच्या मापाने शिवल्यासारखा बसला!

निघालो. ओतिलियाबाई काही आल्या नाहीत. त्यांचं म्हणे काहीतरी सापडत नव्हतं. मी म्हटलं, बरंच झालं!

मी हातगाडी ओढत होते. गाडीवर चहाचे थर्मास, खसखशीचा केक, आणि सगळ्यांत वर मझान्ना. नगरपालिकेने यंदा फर्मान काढलं होतं, नदीत काही सोडायचं नाही. म्हणून मी युक्ती केली. दोरीचं एक टोक मझान्नाच्या कमरेला, दुसरं गाडीच्या मागच्या दांडीला. गुस्तावना बजावलं, "आम्ही पाठ फिरवली की तुम्ही दोरी सोडायची, आणि सगळे गेले की तिला ओढून काढायची. कळलं?"

"कळलं," ते म्हणाले. चेहरा मात्र पांढरा पडलेला.

नदीवर झाकणांचा असा दणदणाट केला, की बदकं पळाली. केस पेटवले, पण दमट हवेत तेवढेच जळले. टक्कल पडलेली, काळवंडलेली ती बाई पाण्यात पडली आणि उताणी तरंगत राहिली. डोळे आमच्याकडे. मी ओरडले, "पाठ फिरवा! आणि खबरदार, कुणी मागे बघितलं तर!"

निघालो परत. पुढे पोरं, मागे पालक, सगळ्यांत मागे मी आणि गाडी. गाडी एकाएकी जड झाली. चिखल असेल म्हणून मी जोर लावला. तेवढ्यात मागून आवाज आला.

सर्रर्र... फच्... छन्.

झाकणं बडवणारे हात एकेक करून थांबले.

"बाई," याग्ना पुढूनच म्हणाली, "ती येतेय."

"कुणी येत नाही! चला, गाणं म्हणा!"

सर्रर्र... फच्... छन्. ते छन् तर असं, की कुणी बांगड्या घालून चिखलातून रांगतंय. धुक्यात दोन हातांपलीकडचं दिसत नव्हतं. एक बाप म्हणाला, "जरा थांबून ऐकू या." आम्ही थांबलो. आवाजही थांबला. आम्ही निघालो, आवाज निघाला! मग कोण थांबतंय? साठ माणसं ताठ मानेने पळत होती आणि एकाचीही मान वळत नव्हती. गाडी मला मागे खेचत होती. अहो, खेचत होती! मी मनातल्या मनात लगद्याच्या त्या चामखिळीची माफी मागितली.

शाळेपाशी धुकं जरा विरळ झालं होतं. पायऱ्यांवर ओतिलियाबाई उभ्या होत्या. अंगात कोट नाही, थंडीने कुडकुडत होत्या. आमच्याकडे तोंड करून उभं असलेलं सबंध गावात ते एकटंच माणूस! त्यांनी आम्हाला बघितलं. मग आमच्या मागे बघितलं. तोंड उघडलं, आवाज नाही. हात वर गेला, बोट आमच्या पाठीमागे.

"काय आहे, बाई?" एक आई किंचाळली. "मागे काय आहे?"

बाईंची दातखीळ बसली होती. त्या खालीच बसल्या. झालं! साठ जण पुढे धावले, बाईंना उचललं, आत नेलं, दार लोटलं. धुक्यात उरले मी आणि गाडी. आणि जे काय मागे होतं, ते.

गाडी पायरीला अडली. डोळे गच्च मिटून मी मागे हात नेला आणि दांडी चाचपली. हाताला दोरी लागली. ताणलेली, ओली दोरी!

"गुस्ताव!" मी अशी ओरडले, की ते दारातून उलट्या पावलांनी बाहेर आले. "दोरी का नाही सोडली?"

"दोरी मागच्या दांडीला होती, बाई! सोडायची तर मागे बघावं लागलं असतं! मला काय वेड लागलंय?"

हा माणूस एका हाताने दोन पोरं उचलतो! आता मात्र मी वळलेच. चिखलात ती पडली होती, टकली, काळी, चामखीळ शाबूत. आणि खिशातून लोंबत होता किल्ल्यांचा जुडगा. शाळेच्या किल्ल्यांचा. ओतिलियाबाईंच्या!

म्हणजे कोटही त्यांचाच! त्या सकाळपासून हाच कोट शोधत होत्या. आणि आत्ता त्यांनी बघितलं ते काय, तर त्यांचाच कोट घातलेली, त्यांच्याच तोंडाची बाई मेल्यावर पोरांच्या मागून रांगत घरी येतेय.

गुस्तावनी डोळे मिटून बाहुली शेडमागे ओढली. मी केकसोबतचे ओव्हनचे हातमोजे चढवून कोट उतरवला. हातमोज्यांबद्दल नियमात काही नाही. कोट थर्मासांखाली लपवला आणि आत गेले.

आत सगळे माझ्याच खोलीत जमले होते. बाई पोरांच्या छोट्या खुर्चीवर, अंगावर पोरांची गोधडी, हातात रास्पबेरीचा चहा. सगळं अंग लटलट कापतंय, मानसुद्धा. सभा सुरू करायला कुणाचा धीर होईना. तेवढ्यात याग्ना पुढे झाली.

"बाई, आमची खोली राहणार ना?"

बाईंची मान खाली-वर, खाली-वर, खाली-वर! थांबायलाच तयार नाही!

"हो म्हणाल्या!" याग्ना ओरडली. पालकांनी टाळ्या पिटल्या, कुणीतरी झाकणं वाजवली. बेकरीतून तासाभराची सुटी काढून आलेली याग्नाची आई पिठाच्या हातांनी डोळे पुसत होती. मीही रडले. कोण म्हणतं रडू आलं नाही?

साठ जणांपुढे दिलेला शब्द बाई मोडणार कशा? कॉम्प्युटर आता ग्रंथालयात मांडलेत.

कोट मी धुतला, वाळवला, इस्त्री केला, खिशात किल्ल्या घातल्या आणि त्यांच्या ऑफिसातल्या खुंटीवर गुपचूप टांगला. मला वाटलं, संपला विषय. दुसऱ्या दिवशी बाईंनी दार उघडलं. कोट जागेवर. कोरडा. बाहीतून पेंढ्याची एक काडी डोकावतेय. मुख्याध्यापिकेनं कुणाला विचारायचं, की काल मी नदीतून येताना तुम्हाला दिसले का? नाहीच विचारलं. पण तेव्हापासून त्या मागच्या दाराने येतात, आणि माझ्या खोलीवरून जाताना पोरांसाठी उंबऱ्यावर बिस्किटांचा पुडा ठेवतात.

त्यांना खरं सांगायला हवं, हे मला कळतं. काल बोळात त्या पुढे चालल्या होत्या, मी मागून हाक मारली, "ओतिलियाबाई, मला त्या कोटाबद्दल..."

त्यांनी मागे वळून बघितलंच नाही! उलट पळायला लागल्या. मीही लागले मागे. हातात माझ्या खोलीच्या किल्ल्या होत्या हो, त्या वाजत होत्या, छन् छन्!

आता मी तरी आणखी काय करायचं?