चार तारखेचा शर्ट

दर महिन्याच्या चार तारखेला संध्याकाळी आमचे शेजारी दत्ताराम शिवलकर दुसऱ्यांदा आंघोळ करतात, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालतात, केसांना तेल लावून भांग पाडतात आणि कुठेही जात नाहीत. घरातच बसतात. आम्ही या बिल्डिंगीत नवीन आलो तेव्हा माझी समजूत अशी, की पन्नाशी उलटलेल्या या ब्रह्मचाऱ्याकडे दर महिन्याला मुलीकडची माणसं येत असणार आणि नकार देऊन जात असणार. मला वाईटसुद्धा वाटायचं. एकदा पोह्यांवर घालायला लागेल म्हणून मी मूठभर कोथिंबीर नेऊन दिली, तेव्हा खरा प्रकार कळला. भाऊजी कॉम्प्युटरसमोर ताठ बसले होते आणि म्हातारपणासाठी बाजूला टाकलेल्या पैशांची नोंद करत होते.

"पण त्यासाठी शर्ट कशाला?" मी विचारलं.

"वहिनी, मी साठ-सत्तरीचा झालो की जो म्हातारा होणार हाय, त्याला भेटायला बसतो मी. त्याच्यापुढे बनियनवर बसू?"

मी कोथिंबीर ठेवून परत आले.

भाऊजी मिरजोळ्याला मासळीच्या कारखान्यात हिशेबनीस आहेत. दिवसभर दुसऱ्यांचे पगार, दुसऱ्यांचा पीएफ. घरी आले की स्वतःचा. पूर्वी वह्या होत्या, मग कोणीतरी त्यांच्या कॉम्प्युटरवर घरगुती हिशेबाचं एक सॉफ्टवेअर घालून दिलं आणि भाऊजींना जणू संसार मिळाला. कॉम्प्युटरवर क्रोशाचं आच्छादन आहे. तो सुरू करण्याआधी ते त्याला हात लावून नमस्कार करतात. पीपीएफचे पैसे पाच तारखेच्या आत गेलेच पाहिजेत, कारण नंतर गेले तर त्या महिन्याचं व्याज बुडतं. "पाच तारखेनंतर टाकलेला पैसा महिनाभर उपाशी," असं ते कळवळून सांगतात.

आणि त्यांचं ते ब्रीदवाक्य! सुरुवातीला त्यांनी पीपीएफची रक्कम 'खर्च' या सदरात घातली होती. मग त्यांना साक्षात्कार झाला, की हा पैसा गेलेला नाही, आपल्याच एका खात्यातून आपल्याच दुसऱ्या खात्यात वर्ग झाला आहे. त्या दिवसापासून जगातली प्रत्येक गोष्ट त्यांनी दोन भागांत वाटून टाकली. आमच्याकडे त्यांनी नारळ पाठवला आणि मी "कशाला खर्च केलात" म्हटलं, की उत्तर ठरलेलं, "खर्च नाय, वर्ग!" कोणाच्या मुलाच्या मुंजीतला आहेर, वर्ग. देवळातलं तेल, वर्ग. आमच्या ह्यांनी मोठा टीव्ही आणला तेव्हा मात्र भाऊजी दारात उभं राहून पाच मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "हा खर्च." ह्यांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

कर भरायची नवी पद्धत आली आणि सगळं जग तिकडे गेलं. भाऊजी जुन्याच पद्धतीत राहिले. मी शाळेच्या ऑफिसात असल्यामुळे सगळ्या शिक्षकांची रिटर्न्स माझ्याच गळ्यात असतात. मी आकडेमोड करून दाखवली, की भाऊजी, दोन्हीकडे कर जवळजवळ सारखाच बसतो, नव्या पद्धतीत पावत्यांची कटकट तरी नाही. ते दुखावले. "पावत्यांची कटकट नाय, तर मग राहिलं काय?" म्हणाले.

चिकटपणात तर त्यांचा हात धरणारा कोणी नाही. सकाळी नऊच्या सुमारास मिरकरवाड्याहून आवडा मासळीची पाटी घेऊन येते. पन्नाशीची, सडपातळ आणि जिभेची तिखट. आम्ही बायका भाव करतो, नाही असं नाही. पण आम्ही वर एखादा बांगडा टाकून घेतो आणि गप्प बसतो. भाऊजींचं तसं नाही.

"काय गो आवडे, कसे लावलेस?"

"दोनशेला सहा. तुमच्यासाठी वर एक टाकतंय."

"वरचा नको. वीस रुपये कमी कर."

"अहो दादा, बांगडा घ्या की! वीस रुपयांपेक्षा जास्तीचा हाय तो!"

"बांगडा नको. वीस रुपये."

असं रोज. कधी दहा, कधी वीस, सुरमई असली तर चाळीस. समुद्र बंद असला, की सुकटीवरसुद्धा पाच. एकटा माणूस, ना मूल ना बाळ, एवढे पैसे नेणार कुठे, असं आम्ही जिन्यात उभ्या राहून बोलत असू. भाऊजींना ते ऐकू जात असणार.

गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी दुपारी ते आमच्या दारात आले. अंगात इस्त्रीचा शर्ट. पण चार तारीख नव्हती. हातात प्रिंट काढलेला एक कागद होता. आयकराकडून आलेली सूचना होती ती. भाऊजींनी रिटर्नमध्ये दाखवलेली गुंतवणूक आणि कारखान्याने दिलेला दाखला यांत आठ हजारांचा फरक होता. पंधरा दिवसांत खुलासा करा, नाहीतर रिटर्न दुरुस्त करा.

"तेहेतीस वर्षं, वहिनी," भाऊजी म्हणाले. "तेहेतीस वर्षांत एका रुपयाचा फरक नाय. पुढच्या वर्षी निवृत्त होतंय आणि आता चोर ठरलो."

त्यांचा चेहरा बघून मला हसू आलं नाही. पदराला हात पुसत मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी क्रोशाचं आच्छादन काढलं, पण नमस्कार करायला विसरले. त्यावरून काय ते समजले.

आम्ही एकेक नोंद ताडून पाहिली. पावत्या तारखेवार टोचून ठेवलेल्या. पीएफमध्ये स्वतःहून टाकायचे जादा पैसे, पीपीएफ, सगळं जिथल्या तिथे. एक चूक सापडेना. तासाभराने माझं लक्ष रिपोर्टच्या डोक्यावर गेलं. तिथे बारीक अक्षरांत वर्ष लिहिलं होतं, ऑगस्ट ते जुलै.

"भाऊजी, हे काय? आपलं वर्ष एप्रिल ते मार्च ना?"

"ते सरकारचं," भाऊजी म्हणाले. "आमचे बाबा बोटीवर तांडेल होते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला, की नवी वही. ह्या सॉफ्टवेअरने पहिल्या दिवशीच विचारलान, तुमचं वर्ष कधी सुरू होतं? मी खरं ते सांगितलं."

मी कपाळाला हात लावला. इतकी वर्षं दर महिना तेवढीच रक्कम जात होती, त्यामुळे बारा महिने कुठूनही मोजले तरी बेरीज तीच यायची. निवृत्ती जवळ आली म्हणून भाऊजींनी त्या वर्षीच्या एप्रिलपासून पीएफमधले जादा पैसे महिन्याला दोन हजारांनी वाढवले. त्या वाढीचे एप्रिल ते जुलै हे चार महिने होते पुढच्या वर्षाचे, पण नारळी पौर्णिमेच्या हिशेबात ते मागच्याच वर्षात जाऊन बसले. चार महिन्यांचे दोन-दोन हजार, म्हणजे आठ.

मी वर्षाची सुरुवात एप्रिल केली आणि रिपोर्ट पुन्हा काढला. दाखल्याशी रुपयान् रुपया जुळला. दुरुस्तीचं रिटर्न, आठ हजारांवरचा कर, थोडं व्याज, की प्रकरण संपलं. भाऊजी उठले, आत गेले, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायल्याचा आवाज मला बाहेर आला. मलाही इतकं हलकं वाटलं, की मी त्यांच्या खुर्चीवर मांडी घालून बसले.

खात्री करावी म्हणून मी 'सर्व खाती' वर क्लिक केलं. बेरजेच्या खाली एक ओळ उगवली. 'आवडा, पीपीएफ. कर सवलत नाही.'

मी ते खातं उघडलं. बांगडे, वीस. सुरमई, चाळीस. कोळंबी, वीस. सुकट, पाच. सात वर्षांच्या नोंदी होत्या. रोज जिन्यात भांडून कमी केलेला रुपयान् रुपया तिथे होता, आणि दर महिन्याच्या चार तारखेला त्यात स्वतःची भर घालून आवडाच्या नावावर भरलेला होता.

भाऊजी दारात उभे होते. "ते राहू दे, वहिनी. ते आपलं नाय."

"तिला माहीत आहे?"

"खातं माहीत हाय. मी सांगितलंय, सरकार थोडं थोडं टाकतंय."

"मग भांडता कशाला? सरळ हातात द्या ना."

"एकदा पन्नास जास्त दिले. पाटी इथे आपटलीन आणि चार दिवस आली नाय." ते खाली बसले. कागद अजून हातातच होता. "ही सूचना आली तेव्हा मला वाटलं, ह्या खात्यामुळेच आली. आता बंद करायला लावतील. झोपलो नाय मी दोन रात्री."

"कोणी बंद करणार नाही. त्यावर तुम्ही सवलत मागितलेलीच नाही."

"म्हणजे सुटली ती," भाऊजी म्हणाले. 'सुटलो' असं नाही म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आमची आय मिरकरवाड्यातनं भाट्याला चालत जायची, डोक्यावर पाटी. पंचाहत्तरी झाली तरी. एक दिवस पुलावर टेकली ती टेकलीच. त्या वक्ताला मी कारखान्यात बसून दीडशे माणसांचा पीएफ लिहीत होतो, वहिनी."

जिन्यात उभं राहून त्यांच्याबद्दल बोललेलं सगळं आठवलं आणि लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आवडा आली. भाऊजींनी नेहमीप्रमाणे वीस रुपये कमी करून घेतले. मग माझी पाळी. ती माझ्या पातेल्यात सवयीने वरचा बांगडा टाकायला लागली, तर मी तिचा हात धरला.

"वरचा नको. वीस रुपये कमी कर."

आवडाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग भाऊजींच्या बंद होणाऱ्या दाराकडे. "एक होता तो कमी होता," ती पाटी उचलत म्हणाली, "आता तुम्ही पण?" आणि तरातरा जिना उतरून गेली.

मी विसाची नोट घेऊन भाऊजींचं दार वाजवलं. त्यांनी नोट पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन शर्ट घालून आले.