मारुतीआप्पांचा हूक

आमच्या शेजारचे मारुतीआप्पा पंख्याखाली बसत नाहीत. निपाणीतल्या एका लग्नात मांडवभर पंखे लटकलेले बघून त्यांनी पंगत सोडली आणि भर रस्त्यात खुर्ची टाकून ताट मांडीवर घेतलं. दोन म्हशी, एक उसाचा ट्रॅक्टर आणि खुद्द नवरदेवाची वरात त्यांना वळसा घालून गेली. जिलेबी मोडत आप्पा म्हणाले, "टांगल्या वजनाखाली माणूस नको म्हंजे नको."

उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत क्रेनला इशारे देण्यात त्यांचा जन्म गेला. आप्पा रिटायर झाले, नियम झाले नाहीत. घरी बोलणं कमी, हातवारेच फार. वर केलेलं बोट गोल फिरवलं की ताट उचला. तेच बोट खाली करून फिरवलं की भात वाढा, सावकाश. आणि दोन्ही हात पोटापुढं एकमेकांत गुंफले की, सगळं जिथल्या तिथं थांबवा. ही शेवटची खूण त्यांनी एकदा चौकात उभ्या उभ्या केली, तर खानापूरची बस जागची हलेना. कंडक्टरला वाटलं, मोठे साहेब आहेत.

एका विसर्जनाला क्रेनवर गणपती अधांतरी आणि खाली पोरं नाचतायत. आप्पांनी अशी शिट्टी मारली की कोगनोळीच्या नाक्यावर ट्रक थांबले म्हणे.

"आप्पा, बाप्पा हाय त्यो," कार्यकर्ते काकुळतीला आले.

"वजन ते वजनच. पोरं बाजूला घ्या, मग देव हलवा."

असा माणूस माझ्या नातीच्या बारशाला आला. सजवलेला पाळणा सोडून आधी छताकडं बघितलं.

"ही कडी कशाची?"

"झुंबराची."

"मग झुंबराचं बारसं करा."

वर पाळण्यात तांदळाचं पोतं ठेवायला लावलं. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, तोवर कडी, गिलावा आणि पाळणा एकदमच खाली आले. घरभर तांदूळ. कुणी हसेना. आमची ही नातीला घट्ट धरून म्हणाली, "आता पाळणा बांधायचा कुठं?"

आप्पा जरा घुटमळले. मग म्हणाले, "आमच्यात चला."

त्यांच्या माजघरात छताला मनगटाएवढा हूक होता. तेल पिऊन काळाभोर, पण झळझळीत. मी आपला तो झोपाळ्याचा समजत आलो होतो.

"आप्पा, ह्याला काय टांगता ओ?"

पाळण्याची दोरी सोडवत आप्पांच्या मंडळी, आक्का म्हणाल्या, "घर बांधताना पाळण्यासाठीच बसवलाय की. दर खंडेनवमीला तेल लावत्यात, वजन टांगून बगत्यात." मग हसल्या. "पाळणा आज पयल्यांदाच."

गाणं सुरू झालं. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. पाळण्याखालून बाळ पलीकडं द्यायचं. हिनं अलीकडून नातीला पुढं केलं. पलीकडं आक्का होत्या, पण त्यांचे गुडघे वाकेनात.

"तुमीच घ्या की ओ," त्या आप्पांना म्हणाल्या.

आप्पांनी हूक बघितला, दोरी बघितली, गाठ ओढून बघितली. मग जन्मात पहिल्यांदा टांगल्या वजनाखाली गुडघ्यांवर शिरले, नातीला घेतलं आणि तिथंच बसले.

"द्या की आता वर," कुणीतरी म्हणालं.

आप्पांनी नातीला पोटाशी घेतलं होतं, आणि तिच्याभोवती दोन्ही हात एकमेकांत गुंफले होते.

आक्कांनी ते हात बघितले.

"थांबा जरा," त्या बायकांना म्हणाल्या. "कुणी हलू नका."