तीन आंघोळी आणि एक बल्ब

"या लाल गाडीवाल्याले लायसन कोणं देल्लं बाप्पा!"

साधनाबाई शेजारीच तुरीच्या शेंगा सोलत होत्या, त्यामुळे नवऱ्याची कुरकुर थेट त्यांच्या कानात पडली. लाल गाडी रस्त्यावर नव्हती, डोमाजींच्या मोबाइलमध्ये होती! चौकात वीसेक गाड्या कोंबलेल्या, आणि बोटानं एकेक सरकवत सगळ्या बाहेर काढायच्या, असा तो खेळ. सत्तेचाळिसावी लेवल चार दिवसांपासून अडली होती.

"अवो, तो कोपऱ्यातला पिवळा बल्ब दाबा ना. कोणती गाडी आधी काढाची ते दाखवते म्हणे."

डोमाजींनी चष्म्यावरून पाहिलं. "बत्तीस वर्षं यवतमाळ-ढाणकी यष्टी चालवली मी. बंपरले ओरखडा नाही! अन् मले बल्ब रस्ता सांगन?"

हा खेळ सुनेनं, दीपानं, त्यांच्या मोबाइलात टाकून दिला होता, तो काही नुसत्या लाडापोटी नव्हे. रिटायर झाल्यावर पहिल्याच महिन्यात डोमाजींनी सगळे डबे उंचीप्रमाणे रांगेत लावले आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं. 'पोहे : सुटण्याची वेळ ७.५०'! खेळ आला तेव्हा कुठे साधनाबाईंचं स्वयंपाकघर त्यांना परत मिळालं. आता खेळ अडला तर स्वारी पुन्हा डब्यांवर येणार! पाचव्या दिवशी डोमाजी हिंगाची डबी उघडून हुंगताना दिसले, आणि साधनाबाईंनी घाईघाईनं ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

डोमाजी आंघोळीला गेले. मोबाइल खाटेवर उघडाच. साधनाबाईंनी इकडंतिकडं पाहून बल्ब दाबला. एक पांढरा हात आला, निळ्या गाडीकडे बोट दाखवून गेला. त्यांनी तेवढी एकच गाडी काढली आणि साय चाटून आलेल्या मांजरीसारख्या शेंगांपाशी येऊन बसल्या.

"सुटलं वं!" थोड्या वेळानं डोमाजी टॉवेलवरच नाचले.

त्या दिवसापासून डोमाजी सकाळी आंघोळ करू लागले, दुपारी करू लागले, संध्याकाळीही करू लागले. ऐन थंडीत! "अंगाले घाम येऊन राह्यला," म्हणायचे. पाणी तापवून तापवून साधनाबाई वैतागल्या, पण बल्ब दाबायला आयता मोका मिळत होता, म्हणून पुन्हा पातेलं चढवत होत्या.

गंमत अशी, की बल्ब दाबणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. येता-जाता दीपाही एक गाडी काढायची. रोज चहाला येणारे गुलाबसिंग, डोमाजींचे जुने कंडक्टर, तेही मिशीतल्या मिशीत हसत एक काढायचे. कोणी कोणाला सांगितलं नाही! आठ दिवसांत लेवल नव्वद!

नव्वदीला डोमाजींनी मोबाइल उशीखाली सारला. "काही दम नाही यात. नुसतं पाणी घातलेलं ताक!" आणि उठून सरळ स्वयंपाकघरात. "साधना, हा पोह्याचा डबा इथं काहून?"

साधनाबाईंनी कपाळाला हात लावला. चार दिवस अडलेला माणूस जेवण विसरला होता, आणि सगळं सुटत गेलं तर आठ दिवसांत विटला!

त्याच रविवारी गल्लीत बारसं होतं. पाहुण्यांची जीप, पाण्याचा टँकर, मंडपवाल्याचा छोटा हत्ती टेम्पो, दोन ऑटो, सगळे तोंडाला तोंड लावून उभे. हॉर्नच्या कल्लोळात कोणीतरी ओरडलं, "अरे, नव्वद लेवलवाल्या डोमाजीले बोलवा!"

डोमाजी छाती काढून निघाले. मागून साधनाबाई, दीपा आणि गुलाबसिंग. तिघांचे चेहरे एरंडेल प्यायल्यासारखे!

"टँकर पुढं! ऑटो उजवीकडं! छोटा हत्ती आडवा!"

पाच मिनिटांत अशी गाठ बसली, की मधून शेळीसुद्धा निघेना. आता उपाय एकच, जीप मागं घेणं.

"काका, गल्ली लय अरुंद आहे," जीपवाला खाली उतरत म्हणाला. "मले भेव लागते. तुम्हीच घ्या."

डोमाजी बसले. गिअर टाकला. इंजिन गुरगुरलं, पण जीप काही हलेना. एक मिनिट झालं. दोन झाली. सगळी गल्ली बघत होती. नव्वद लेवल कशा झाल्या ते साधनाबाईंना ठाऊक होतं, दीपाला ठाऊक होतं, आणि गुलाबसिंगना तर त्याहून जुनं काहीतरी ठाऊक होतं. तिघंही आपापल्या चपला निरखत उभे.

शेवटी खिडकीतून डोमाजींचं डोकं बाहेर आलं.

"गुलाबसिंग! उभा काहून आहेस लेका? जा मागं, पत्रा वाजव! कंडक्टरनं पत्रा वाजवल्याबिगर मी जिंदगीत गाडी मागं घेतली आहे का कधी?"

हॉर्नसुद्धा थांबले. गुलाबसिंग धावतच मागं गेले. धप् धप्! "येऊ द्या, डायवरसाहेब... येऊ द्या... अजून येऊ द्या..." जीप कुठेही न घासता अलगद मागं सरकली, टँकर सुटला, ऑटो सुटले.

साधनाबाईंना धीर आला. खिडकीपाशी जाऊन त्या हळूच म्हणाल्या, "अवो, त्या मोबाइलातल्या गाड्या..."

"माहीत आहे वं! नाही तं एवढ्या थंडीत तीन-तीनदा आंघोळ कायले केली असती मी? एखादी गाडी काढून देसान म्हणून मोबाइल उघडा ठेवत होतो. अन् तुम्ही तिघायनं अख्खा डेपोच रिकामा केला!"