ढब्बू जेवला का?

गाडी दारात येऊन उभी होती, दोन्ही बहिणी आत बसून हाका मारत होत्या, आणि तरीही बायको फ्रिजवर चिकटवलेली यादी तिसऱ्यांदा वाचून दाखवत होती. यादी दोन पानांची होती. पहिल्या पानावर ढब्बूला काय द्यायचे नाही ते होते, आणि दुसऱ्या पानावर पहिल्या पानात न मावलेले.

"दूध नाही, लोणी नाही, अंड्यातलं पिवळं नाही, बिस्किट तर अजिबात नाही. सकाळ-संध्याकाळ भात, उकडलेला भोपळा आणि कातडी काढलेली उकडलेली कोंबडी. मीठ नाही. आणि अहो, त्याने नाक मुरडलं म्हणून दुसरं काही पुढे करू नका."

"अगं, रोज चारशे माणसं जेवतात माझ्या देखरेखीखाली," मॅनेजरसाहेब म्हणाले. "हे एवढंसं कुत्रं!"

"चारशे माणसांना भूक लागते हो. याला लागत नाही, तीच तर पंचाईत आहे."

मॅनेजरसाहेब एका कारखान्याचे कँटीन चालवत. एकोणीस वर्षांत त्यांच्या कँटीनमध्ये भरलेले ताट परत आले नव्हते, निदान ते तरी असे सांगत. रोज दुपारी उष्ट्याचे पिंप वजनकाट्यावर ठेवायला लावायचे आणि काटा फारसा हलला नाही की मिशीवरून हात फिरवायचा, हा त्यांचा शिरस्ता. अशा माणसाने कुत्र्याच्या जेवणाची धास्ती घ्यावी, हे त्यांना स्वतःलाच शोभेसे वाटत नव्हते.

पण ढब्बू हे प्रकरण वेगळे होते. चार वर्षांपूर्वी घरात आला तेव्हा अंगावर मांस चढेल या आशेने बायकोने त्याचे नाव ढब्बू ठेवले. नाव चढले, मांस चढले नाही. त्याला जे आवडे ते पचत नसे, आणि जे पचे त्याच्याकडे तो ढुंकून पाहत नसे. या पोटापायी बायकोची बहिणींबरोबर समुद्रावर जायची सहल तीनदा बारगळली होती. एकदा तर बॅगा गाडीत चढवल्यावर उतरवल्या होत्या. या खेपेला ती निघाली होती खरी, पण अटीवर.

"रोज रात्रीच्या जेवणानंतर रिकाम्या भांड्याचा फोटो पाठवायचा. सलग दोन वेळा जेवला नाही, तर मी तिथून उठून येणार. सांगून ठेवते."

"पाच दिवस मजा कर. इकडची काळजी सोड," साहेब म्हणाले. आणि हे ते अगदी मनापासून म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी भांडे ढब्बूसमोर ठेवले. स्टीलचे भांडे, त्यावर लाल रंगात ढब्बूचे नाव. ढब्बूने वास घेतला. मग साहेबांकडे पाहिले. मग भांड्याकडे पाहिले, आणि जाऊन दारापाशी बसला. 'भूक लागली की येईल झक मारत,' असे म्हणत साहेब आपले ताट घेऊन टीव्हीपुढे गेले. अर्ध्या तासाने पाहतात तर भाताचे एक शीतही हलले नव्हते. त्यांनी अन्न गरम केले. कोंबडीचे तुकडे बारीक केले. भांडे बदलून काचेचा वाडगा आणला. शेवटी, "बाळा, खा रे," असेही म्हणून पाहिले. ढब्बू ढिम्म.

तेवढ्यात फोन वाजला. बायकोने फोटो पाठवला होता. तिघी बहिणी गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या, आणि बायको तोंड उघडे टाकून, डोळे मिटून हसत होती. साहेब त्या फोटोकडे बघतच राहिले. असे हसताना तिला पाहून किती वर्षे झाली, हे त्यांना आठवेना. खाली लिहिले होते, "ढब्बू जेवला का?"

साहेबांनी अन्न कचऱ्याच्या डब्यात ओतले, भांडे विसळले आणि फोटो काढला.

"इतकं लख्ख?" बायकोने विचारले.

"चाटून पुसून खाल्लं," साहेबांनी उत्तर दिले. एका शब्दावरही त्यांची जीभ अडखळली नाही, कारण उत्तर बोटांनी द्यायचे होते.

रविवारी सकाळी कचऱ्याचा डबा आडवा पडलेला दिसला. ढब्बूने त्यातला आपला भात-भोपळा नीट बाजूला सारला होता आणि साहेबांनी टाकलेली तळलेल्या माशांची कातडी तेवढी निवडून खाल्ली होती. पुढचे सगळे गालिच्यावर घडले. साहेबांच्या तोंडचे पाणी पळाले. अर्ध्या तासात ते ढब्बूला टॉवेलात गुंडाळून डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात हजर झाले.

"काका, आता दोन-तीन दिवस याच्या पोटात रोज थोडं थोडं करून चार वेळा जायला हवं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भात, भोपळा आणि कोंबडीचं पाणी, बस. आज संध्याकाळपर्यंत काहीच गेलं नाही तर सलाईन लावावं लागेल."

"लावा की. पण घरी... म्हणजे हिला... कळवायलाच हवं का?"

"फाईल ताईंच्या नावावर आहे. फोन त्यांनाच जाणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या मांजराला आत बोलावले.

आता मात्र साहेबांनी हात टेकले आणि कँटीनच्या आचाऱ्याला फोन लावला. आचारी सुट्टीच्या दिवशी आपली सुरी, आपले पातेले आणि आपला तोरा घेऊन हजर झाला. त्याने भोपळा असा उकडला की फोड मोडू नये आणि चमच्याला अडू नये. भात मऊ केला, कोंबडीचे पाणी वर सोडले, आणि भांडे अदबीने खाली ठेवले. ढब्बूने वास घेतला, दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि तोंड फिरवले.

आचारी लाल झाला. "साहेब, बावीस वर्षं झाली मला या धंद्यात. असं तोंडावर कुणी केलं नाही. अहो, मीठ नाही, मसाला नाही, तेलाचा थेंब नाही. हा स्वयंपाक आहे का? ही शिक्षा आहे!"

"अरे, पण काहीतरी चुकतंय."

"काय चुकायचंय? तुम्हीच बघा चव."

साहेब गुडघ्यावर हात टेकत, कण्हत कण्हत खाली बसले. ढब्बूच्या भांड्यातला एक चमचा त्यांनी तोंडात घातला. चव लागण्यासारखे त्यात काही नव्हतेच. पण ढब्बूचे कान ताठ झाले. तो उठला, साहेबांच्या मांडीला अंग लावून उभा राहिला आणि त्याने एक घास खाल्ला. दोघेही बघत राहिले. साहेबांनी दुसरा चमचा घेतला, ढब्बूने दुसरा घास घेतला. साहेब थांबले, ढब्बू थांबला.

"खा साहेब, खा! थांबू नका!" आचारी ओरडला.

दहा मिनिटांत भांडे रिकामे झाले. निम्मे ढब्बूच्या पोटात, निम्मे साहेबांच्या.

"कळलं," आचारी गंभीरपणे म्हणाला. "याचा तुमच्यावर विश्वास नाही. आधी तुम्ही खाऊन दाखवा, मग मी खातो म्हणतो. मोठा संशयी प्राणी आहे."

साहेबांना हे पटले. संध्याकाळी त्यांनी रिकाम्या भांड्याचा खरा फोटो पाठवला, आणि त्यांना केवढे हलके वाटले म्हणून सांगू! पण दिवसातून चार वेळा म्हणजे चार वेळा. सोमवारी दुपारी एक वाजता, ऐन गर्दीच्या वेळी, साहेबांना घरी जाणे शक्य नव्हते. म्हणून ढब्बूच कारखान्यात आला. कँटीनमागच्या, कोठीपलीकडच्या साहेबांच्या खोलीत त्याला गुपचूप नेले, दार लोटले, आणि दोघे जमिनीवर बसून जेवू लागले.

चौथा घास तोंडात असताना दार उघडले. पॅकिंग विभागाच्या सुपरवायझरबाई चमचे कमी पडतात अशी तक्रार घेऊन आल्या होत्या. त्यांनी मांडी घालून बसलेले साहेब पाहिले, साहेबांना चिकटलेले कुत्रे पाहिले, दोघांच्या मधले भांडे पाहिले आणि त्यावरचे लाल नाव वाचले. साहेबांना काहीतरी सांगायचे होते, पण तोंडात भोपळा होता. बाईंनी दार हळूच लावून घेतले.

पॅकिंग विभागात बातमी 'साहेब कुत्र्याबरोबर जेवतात' अशी गेली. गोदामात पोचेपर्यंत 'साहेब कुत्र्याचं जेवतात' अशी झाली. मंगळवारी सकाळी गेटवरच्या वॉचमनने ती सांगितली ती अशी, "साहेब म्हणतात, कँटीनपेक्षा कुत्र्याचं बरं. आता त्यांना आत काय शिजतं ते माहीत असणारच ना!"

मंगळवारी दुपारी ताटे परत आली. एक नाही, दोन नाही, रांगेने. सूप जसेच्या तसे, पाव तुकडा न मोडता. उष्ट्याची तीन पिंपे भरली आणि वजनकाट्याकडे बघायची साहेबांची छाती होईना. आचाऱ्याने कमरेचा एप्रन सोडला, त्याची घडी केली आणि तो साहेबांच्या हातात दिला.

"माझा राजीनामा समजा."

"अरे, थांब! काहीतरी करू."

"काय करणार? एकेकाची समजूत काढणार? चारशे ढब्बू बसलेत बाहेर, साहेब!"

असे म्हणाला आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

साहेबांनी ताट घेतले. काठोकाठ भरलेला सूपचा वाडगा, तीन पाव, वर उकडलेले बटाटे. बारा वाजताच ढब्बूबरोबर भोपळा झाला होता, पोटात तीळभर जागा नव्हती. तरी ते दालनात गेले. एकोणीस वर्षे ते या टेबलांमधून हात मागे बांधून फिरले होते, पण बसले कधीच नव्हते. त्यांचा डबा घरून यायचा. आता ते अगदी मधल्या टेबलावर, सुपरवायझरबाईंच्या शेजारी बसले आणि त्यांनी पहिला चमचा तोंडात घातला. चारशे माणसे त्यांच्या घशाकडे बघत होती.

सूप चांगले होते. नुसते चांगले नाही, छान होते. दोन दिवस अळणी भोपळ्यावर काढलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी यावे इतके छान.

"साहेब, रडताय काय?" बाईंनी विचारले.

"मीठ आहे हो यात," साहेब कसेबसे म्हणाले.

मग त्यांनी सगळे सांगून टाकले. सहल, यादी, गालिचा, काही ठेवले नाही. बाई हसता हसता ठसकल्या आणि त्यांनी आपला चमचा उचलला. मग शेजारच्याने उचलला. थोड्या वेळाने दालनात नेहमीचा खणखणाट सुरू झाला, आणि जो तो उठून साहेबांना कुत्र्याच्या पोटावरचा आपला उपाय सांगून जाऊ लागला. आचाऱ्याने एप्रन परत बांधला. त्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी ढब्बूचे वजन केले, ते उलट थोडे वाढलेलेच निघाले. साहेबांचे त्यांनी केले नाही.

बुधवारी संध्याकाळी बायको उन्हाने रापून, केसांत वाळू घेऊन परतली. तिने आधी ढब्बूच्या बरगड्या चाचपल्या आणि मग नवऱ्याकडे पाहिले.

"तुझी यादी अपुरी होती," साहेब छाती फुगवून म्हणाले. "मुख्य गोष्टच नव्हती त्यात. हा संशयी आहे. आधी आपण खाऊन दाखवावं लागतं."

"संशयी?" बायको हसली. "अहो, त्याला एकट्याला जेवण जात नाही. मी रोज ताट घेऊन इथे त्याच्याशेजारी बसते ना. ते काय यादीत लिहायचं?"

"रोज? इथे, खाली?"

"चार वर्षं झाली. तुमचं टीव्हीपुढे चालू असतं. मला तरी दुसरं कोण होतं सोबतीला?" तिने हे तक्रारीच्या सुरात म्हटले नाही. बॅगेतले कपडे झटकत सहज म्हटले. साहेबांना ते जास्तच लागले. त्यांनी कचऱ्याच्या डब्याचे सगळे खरे सांगून टाकले.

"माहितीये मला," ती म्हणाली. "रविवारी दुपारीच डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता. मी बॅग भरली होती. बहिणी रुसून बसल्या होत्या."

"मग आली कशी नाहीस?"

"संध्याकाळी तुमचा फोटो आला. त्यात भांड्याशेजारी कोपऱ्यात तुमचा गुडघा दिसत होता. म्हटलं, हे खाली बसलेत. आता जेवेल तो. आणि बॅग रिकामी केली."

जेवायच्या वेळी तिने भांडे ठेवले आणि आपले ताट घेऊन शेजारी बसली. ढब्बूने तिचा हात चाटला, शेपटी हलवली, पण भांड्याला तोंड लावले नाही. तो उठून दारात गेला आणि साहेबांकडे बघत उभा राहिला. साहेब सवयीने ताट घेऊन टीव्हीपुढे बसले होते.

"अहो, काय करून ठेवलंत माझ्या कुत्र्याला?" आतून हाक आली. "या आता! तो जेवत नाहीये!"

साहेब ताट घेऊन आत आले, कण्हत कण्हत खाली बसले. ढब्बूने दोघांकडे एकदा पाहून घेतले आणि खायला सुरुवात केली. साहेबांनीही घास घेतला आणि चेहरा वाकडा केला.

"मीठ जरा जास्त पडलंय का गं?"

"घ्या!" बायकोने कपाळाला हात लावला. "आता नखरे करणारे दोन झाले."

मग ती समुद्राचे सांगत बसली. लाटेने धाकटीची चप्पल कशी नेली, आणि थोरली ती आणायला धावली ती कशी आपटली. साहेब ऐकत होते, मधूनच हसत होते. ढब्बूचे भांडे कधीच रिकामे झाले होते, पण तो जागचा हलला नाही. त्या दोघांचे जेवण अजून उरकायचे होते.