पाडकामाचा शुभारंभ

सरकारी जागेवर कोणतीही वस्तू दोनच कारणांनी उभी राहते : परवानगी असते म्हणून, किंवा गरज असते म्हणून. यांपैकी दुसरे कारण कायद्याला मान्य नाही आणि ते योग्यच आहे. एकदा गरज मान्य केली की उद्या माणसे तहान लागली म्हणून पाणी पिऊ लागतील.

१९७९ साली गंगापूर रोडच्या बाजूला, गोदावरीच्या सरकारी काठावर, या दुसऱ्या कारणाने एक धक्का उभा राहिला. डांबराची चार रिकामी पिंपे आणि त्यांवर बाभळीच्या अकरा फळ्या. पलीकडच्या पिंपळटेकच्या बायका झेंडू-शेवंतीच्या पाट्या घेऊन होडीने बाजाराला येत आणि काठाच्या गाळात गुडघाभर रुतत. आदल्या पावसाळ्यात शकुबाई पाटीसकट घसरली, तिचा खुबा मोडला. तेव्हा तिची जाऊ भागीबाई हिने आपल्या नवऱ्याच्या, कोंडाजीच्या, हातात हातोडा दिला आणि दोन दिवसांत धक्का तयार झाला. (इतक्या लवकर झालेले काम बेकायदा असणार, हे शेंबडे पोरही सांगेल.)

लवकरच आमच्या जलतट संरक्षण उपविभागाकडे अर्ज आला. 'बंगल्याच्या गच्चीतून नदी पाहताना मध्ये फळ्या येतात.' खाली सही : एक जागरूक नागरिक. मी तिथे आवक-जावक पाहतो, बावीस वर्षे अर्ज फोडतो आहे, पण इतके मोत्यासारखे अक्षर पाहिले नव्हते.

उपविभागाने जराही दिरंगाई केली नाही. दीड वर्षात सात पाहण्या झाल्या. सगळ्या पाहण्या धक्क्यावर उभे राहूनच कराव्या लागल्या, कारण बाकी सगळीकडे चिखल होता. अहवालात 'सदर ठिकाणी धक्क्याची आवश्यकता आढळून आली नाही' असे एकमताने नमूद झाले.

आमचे हेडक्लार्क धोंडीराम मनाने मऊ. सातव्या पाहणीला ते भागीबाईला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, एका फळीला शेंदूर फासून टाका. मग आमच्या बापालाही हात लावता येणार नाही."

"नाय बा," भागीबाई म्हणाली. "देव बसवला म्हंजे त्याच्यावर पाय कसा द्यायचा? पाय द्यायलाच तर केलंय."

अशा अडेलतट्टू लोकांपुढे कायद्याचा इलाज नसतो. पाडायची तारीख ठरली.

आता, कोणतेही सरकारी काम नारळाशिवाय सुरू होत नाही, आणि पाडकाम हेही कामच. त्यामुळे मांडव पडला, कर्णा लागला, लाल फीत आली. हारासाठी फुले भागीबाईच्याच पाटीतली. ती डोळे पुसत पुसत स्वतःच्या धक्क्याच्या मरणाचा हार गुंफत होती, आणि मला, खरे सांगतो, मान वर करवेना.

साहेब आले. समोर नारळ, गळ्यात हार, हातात कात्री. अशा वेळी आमच्या साहेबांचे हात आपोआप चालतात, आणि हातांमागून जीभ. त्यांनी नारळ फोडला, फीत कापली आणि नोकरीत आजवर दर समारंभाला केलेले तेच एकुलते एक भाषण पुन्हा केले. शेवटचे वाक्य नेहमीचेच : "हा प्रकल्प मी जनतेच्या सेवेत रुजू करतो!" टाळ्या. स्टेनोने शब्दन्‌शब्द टिपला. पेढे झाले, चहा झाला. मग चार मजुरांनी पहारी उचलल्या.

"थांबा!" धोंडीराम ओरडले. "लोकार्पण झालेली मालमत्ता पाडायला वरून मंजुरी लागते."

मजुरांनी पहारी खाली ठेवल्या आणि उरलेले पेढे उचलले. साहेबांना आपण काय केले ते दुसऱ्या दिवशी पेपरातला फोटो पाहून कळले. (फोटोत ते फार प्रसन्न दिसतात.) भागीबाई तोंडाला पदर लावून हसत सुटली, शकुबाई काठी टेकून होडीतल्या होडीत हसली, होडी डुलू लागली. मीही हसलो. सरकारी वेळेत हसलो.

धक्का अधिकृत झाला. त्याला क्रमांक मिळाला, रजिस्टर मिळाले, रखवालदार मिळाला.

पुढच्याच वर्षी चौथी फळी मोडली. कोंडाजी हातोडा घेऊन आला, तर रखवालदाराने अडवले : सरकारी मालमत्तेत खिळा मारणे गुन्हा आहे. फळीची फाइल चौदा सह्यांसाठी निघाली, ती अजून नवव्या टेबलावर सुखरूप आहे. 'धोका! धक्क्यावर चढू नये' ही पाटी मात्र तीन दिवसांत लागली. बायका आता धक्क्याच्या शेजारी गाळात उतरतात. गेल्या आठवड्यात भागीबाईही घसरली. सगळा झेंडू पाण्यातून वाहत गेला.

"बेकायदा व्हता तवाच बरा व्हता," एवढेच ती म्हणाली. या वेळी ती हसली नाही.

आणि काल नवा अर्ज आला. 'चिखलाच्या पायांनी या बायका आमच्या स्वच्छ रस्त्यावरून जातात. त्वरित बंदोबस्त व्हावा.' सही : एक जागरूक नागरिक. तेच मोत्यासारखे अक्षर.

इथवर आपण आमच्या खात्याला मनमुराद हसलात, त्याबद्दल आभारी आहे. आपल्या अर्जाची पोच तयार आहे. सवडीने येऊन सही करून घेऊन जावी.