डावीकडची गाठ

सोमवारी सकाळी बायको कामाला निघाली तेव्हा तिच्या गळ्यातल्या स्कार्फची गाठ डावीकडे होती. संध्याकाळी ती परत आली तेव्हा गाठ उजवीकडे होती.

दुसऱ्या एखाद्या नवऱ्याच्या हे लक्षातही आलं नसतं. पण हा नवरा एका छापखान्यात मुद्रितशोधक होता. कागदावर काय असायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय आहे, एवढंच शोधायचं काम त्याने बावीस वर्षं केलं होतं. छापखान्यातले लोक त्याला ‘अनुस्वार’ म्हणत. तो त्याला कौतुक समजे.

“आज स्कार्फ सोडला होतास का?” त्याने चहाचा कप खाली ठेवत सहज विचारल्यासारखं विचारलं.

“असेल,” बायको चपला काढत म्हणाली. “दूध तापवलंत का?”

दूध तापवलं होतं, पण अनुस्वाराचं चित्त ‘असेल’वर अडकलं. सोडला होता किंवा नव्हता, अशी दोनच सरळ उत्तरं होती. ‘असेल’ हे क्रियापदच मुळात संशयाचं.

मंगळवारी तिने गळ्याभोवती दोन वेढे घेऊन टोकं पुढे सोडली. संध्याकाळी वेढा एकच होता आणि टोकं पाठीवर होती. बुधवारी तिने स्कार्फची त्रिकोणी घडी खांद्यावर टाकली आणि पिन लावली. परत आली तेव्हा पिन पर्समध्ये होती आणि स्कार्फ केसांना बांधलेला होता. गुरुवारी तर कहरच झाला. सकाळी गळ्याशी साधी गाठ होती, आणि संध्याकाळी तिथे चांगलं पाकळ्या-पाकळ्यांचं फूल उमललं होतं.

“हे कोणी केलं?”

“काय?”

“फूल.”

बायकोने मान खाली घालून पाहिलं आणि ती हसली. “अय्या, राहिलंच की ते तसं!” असं म्हणून ती आत गेली.

अनुस्वाराच्या मनात सोमवारपासून जी पाल चुकचुकत होती, तिने आता तिथे बिऱ्हाडच थाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने छापखान्यातल्या मशीनवाल्या मामांना बाजूला घेतलं. मामा तीस वर्षं छपाईच्या मशीनवर होते. आपल्याला जगाची पारख आहे, असं त्यांचं स्वतःबद्दलचं मत होतं.

“मामा, गळ्यातली गाठ आपोआप फिरते का हो?”

“फिरेल की. माझा पट्टा नाही का सरकत?”

“आणि दोन वेढ्यांचा एक वेढा होतो?”

मामांनी मशीन बंद केलं. एखाद्याच्या खाजगी गोष्टीसाठी त्यांनी मशीन बंद करण्याची ही पहिलीच वेळ होती.

“नाही होत,” ते गंभीरपणे म्हणाले. “मग कोणीतरी सोडलाय. वहिनी कुठे कामाला आहेत म्हणालात?”

“दाताच्या दवाखान्यात. नोंदणीच्या टेबलावर असते. दोन महिन्यांपूर्वी तिथे नवीन डॉक्टर आलेत.”

“स्कार्फ कधी घेतला?”

“दोन महिन्यांपूर्वी.”

मामा नुसतेच “हं” म्हणाले. त्या एका ‘हं’ने अनुस्वाराची रात्रीची झोप उडणार हे नक्की झालं.

“डॉक्टर कसा आहे दिसायला?” मामांनी विचारलं.

आणि इथे अनुस्वाराला अशी एक गोष्ट सुचली, जी फक्त मुद्रितशोधकालाच सुचू शकते. बायको डॉक्टरांबद्दल रोज बोलत होती. पण काय बोलत होती? ‘डॉक्टरांनी सांगितलं’, ‘डॉक्टरांचा हात फार हलका आहे’, ‘डॉक्टरांना आज खूप गर्दी होती’. दोन महिन्यांत ती एकदाही ‘डॉक्टर आले’ किंवा ‘डॉक्टर आल्या’ म्हणाली नव्हती. माणूस इतका काळजीपूर्वक विभक्ती लावतो तो उगाच नाही. काहीतरी लपवायचं असल्याशिवाय इतकं शुद्ध कोणी बोलत नाही!

“हात हलका आहे म्हणाली?” मामांनी पुन्हा विचारलं.

“फार हलका.”

“मग फूल त्यानेच केलं असणार.”

पण अनुस्वार पुराव्याशिवाय दुरुस्ती करणाऱ्यांतला नव्हता. शनिवारी त्याने अर्ध्या दिवसाची रजा काढली. बायको घरी नसताना तिचा दुसरा, लाल स्कार्फ कपाटातून काढला आणि तो आरशासमोर उभा राहिला. साधी गाठ बारा सेकंदांत झाली. दोन वेढ्यांना वीस सेकंद लागले. मग त्याने फूल करायला घेतलं. एक टोक पिळलं, ते गोल फिरवलं, दुसरं टोक त्यातून ओढलं. फूल झालं नाही, पण गाठ अशी बसली की ती सुटेना. तो जितका ओढे तितकी ती आवळे. शेवटी चेहरा स्कार्फच्याच रंगाचा व्हायला लागला, तेव्हा दाराची कडी वाजली.

“अहो, हे काय?” बायको दारातच थबकली.

“घसा,” तो कसाबसा म्हणाला. “घसा धरलाय. ऊब हवी म्हणून बांधला.”

बायकोने सुईने गाठ सोडवली आणि त्याला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. गुळण्या पुढे तीन दिवस चालल्या, आणि बोलायचं नाही अशी तंबीही मिळाली. गुळण्या करताना तो एकच निष्कर्ष मनात घोळवत होता. ते फूल स्वतःच्या हाताने स्वतःच्या गळ्यात होणं शक्य नाही. त्याला दुसऱ्याचेच हात लागतात.

बुधवारी तो दवाखान्यात गेला. वेश मामांनी ठरवला होता. काळा चष्मा लावला होता, आणि मामांचा शाईचा वास मारणारा मफलर हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारून बांधला होता. दाढदुखीवाला माणूस असाच दिसतो, असं मामांचं म्हणणं होतं. “तोंड उघडायचं नाही,” त्यांनी बजावलं. “आवाज ओळखतील. काही विचारलं तर नुसती मान हलवा.”

दवाखान्यात सात-आठ माणसं बसली होती. टेबलामागे बायको होती. आज स्कार्फची गाठ मधोमध होती. अनुस्वाराने मनात नोंद केली. बायकोने त्याच्याकडे पाहिलं, एक फॉर्म पुढे केला आणि म्हणाली, “काका, एवढं भरून द्या.”

काका! त्याला बरंही वाटलं आणि वाईटही. त्याने खोटं नाव, खोटा पत्ता लिहिला, फॉर्म दिला आणि तो कोपऱ्यात जाऊन बसला. हातात एक मासिक धरलं आणि त्याच्या वरच्या कडेवरून पाहू लागला.

पंधरा मिनिटांत त्याला सगळं दिसलं.

आधी एक लहान मुलगी भोकाड पसरून रडायला लागली. बायको टेबलामागून उठली, तिने गळ्यातला स्कार्फ सोडला, दोन पीळ दिले, दोन कान काढले, आणि तिच्या हातात ससा आला. मुलगी सशाला घेऊन आत गेली. ती बाहेर आल्यावर बायकोने ससा सोडला आणि स्कार्फ गळ्यात कसातरी गुंडाळला. मग एका म्हाताऱ्या बाईंना पंख्याचा वारा बाधायला लागला. स्कार्फ त्यांच्या खांद्यावर गेला. त्या निघाल्या तेव्हा त्यांनीच तो बायकोच्या केसांना बांधून दिला. “छान दिसतो गं तुला असा,” असंही म्हणाल्या. मग शाळेच्या गणवेशातली एक मुलगी आली. तिला फुलाची गाठ शिकायची होती. तिने ती बायकोच्या गळ्यात तीनदा बांधली आणि तीनदा सोडली.

इतक्यात आतल्या खोलीचं दार उघडलं आणि डॉक्टर दारात आल्या. हो, आल्या! पांढरे केस, जाड चष्मा, निवृत्तीला टेकलेलं वय. “पुढचं कोण?” त्यांनी विचारलं.

अनुस्वाराच्या छातीवरचा डोंगर उतरला. आपण किती नालायक आहोत, ही बाई किती गुणी आहे, आणि आता इथून गुपचूप सटकून संध्याकाळी तिच्यासाठी काहीतरी गोड न्यावं, असं त्याला एकदमच वाटलं. तो उठला आणि दाराकडे वळला.

“काका, तिकडे नाही, इकडे,” बायकोने त्याचं कोपर धरलं. “तुमचाच नंबर आहे.”

त्याने जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

“घाबरतात सगळेच. मी आहे ना.”

ओरडावं तर आवाज ओळखला जाईल. पळावं तर कोपर तिच्या हातात. दोन मिनिटांत तो खुर्चीत आडवा झाला होता. मफलर सुटला, चष्मा निघाला. पण चेहरा दिसायच्या आत बायकोने स्कार्फची नीट घडी करून त्याच्या डोळ्यांवर ठेवली. “दिवा डोळ्यांवर येतो,” ती म्हणाली.

“कुठली दुखते?” डॉक्टरांनी विचारलं. “ही?”

त्याची कुठलीच दुखत नव्हती. त्याने मान हलवली. ती आडवी होती की उभी, हे त्यालाही कळलं नाही.

“फोटो काढून बघू या,” डॉक्टर म्हणाल्या. फोटो निघाला. “बाप रे, ही अक्कलदाढ पार किडलीय! इतके दिवस सोसलीत कशी? काढूनच टाकू. चालेल ना?”

खुर्चीच्या बाजूने कोणीतरी त्याचा हात घट्ट दाबला. त्या दाबण्याला होकार समजून डॉक्टरांनी सुई उचलली.

संध्याकाळी तो गालात कापसाचा बोळा धरून घरी बसला होता. बायको समोर खुर्ची ओढून बसली.

“मला फॉर्मवरच कळलं होतं,” ती म्हणाली. “छापलेल्या ‘नांव’ वरचा अनुस्वार कोण खोडेल हो तुमच्याशिवाय?”

त्याने डोळे मिटले. आता आकाशपाताळ एक होणार होतं.

“तीन वर्षं पाठी लागले होते, दाढ दाखवा म्हणून. तुम्ही भिता ते मला ठाऊक होतं. पण मला तुमची भीती दिसू नये म्हणून तोंड बांधून आलात ना? माझ्यासाठी एवढं केलंत!”

त्याने क्षणभर विचार केला. मग मान हलवली. या वेळी नीट उभी.

“डॉक्टरांना सांगून ठेवलंय,” तिने डोळे पुसले. “उरलेल्या तीन अक्कलदाढाही खराब आहेत. दर बुधवारी एक.”

मग तिने हे सगळं आपल्या बहिणीला फोन करून सांगितलं, दोनदा. शेवटी फोन त्याच्या हातात दिला. “भाऊजींना तुमच्याशी बोलायचंय. तुम्ही नुसतं ऐका.” आणि ती स्वयंपाकघरात गेली.

साडूचा आवाज अगदी दबका होता.

“बोलू नका. एकच विचारतो. तोंड बांधून कोणी दाढ काढायला जात नाही. संशय होता ना?”

अनुस्वार दचकला. “हं,” तो बोळ्यातून म्हणाला.

“वाटलंच मला. अहो, ही शिवणवर्गाला जायची आणि रोज हसत घरी यायची. एवढं हसायला शिवणकामात आहे काय? म्हणून मी बघायला गेलो. शिकवणाऱ्या बाईंना वाटलं नवीन विद्यार्थी आला. मशीनवर बसवलं मला. हिला वाटलं, हिच्या आवडीसाठी मी आलो. सगळ्यांसमोर डोळ्यांत पाणी आलं हो तिच्या! मग काय सांगणार?”

“हं.”

“सहा वर्षं झाली. घरातले पडदे, अभ्रे, शेजाऱ्यांच्या सोफ्याच्या खोळी, सगळं मी शिवतो. तुमच्या अजून किती दाढा राहिल्यात?”

अनुस्वाराने सगळी ताकद एकवटून ‘तीन’ असं काहीसं उच्चारलं.

पलीकडून एक लांब, हेवा वाटल्यासारखा सुस्कारा ऐकू आला.

“तुमचं बरंय,” साडू म्हणाले. “दाढा कधीतरी संपतात.”