खलीलभाईंचा हमाल

खलीलभाई पहिल्यांदा तुमच्या घरी आले, तर पाण्याच्या पेल्याला हात लावण्याआधी मीटर कुठे आहे ते विचारतात. तुम्हाला वाटतं, माणूस वायरिंगमधला आहे, सवयीने नजर टाकत असेल. तर ते सरळ मेन स्विच खाली ओढतात, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत दहा मोजतात, स्विच पुन्हा वर करतात आणि घरातली कोणती वस्तू किती वेळात शुद्धीवर येते ते बघत भिंतीला टेकून उभे राहतात.

आमच्या नांदेडच्या घरी त्यांनी हे केलं तेव्हा आई मिक्सरवर शेंगदाण्याचं कूट करत होती आणि बाबा शेवटची ओव्हर बघत होते. लाइट परत आली. बाबा निळ्या पडद्याकडे बघत बसले. खलीलभाईंनी निकाल जाहीर केला, "फ्रिज चांगला हाय. ट्यूब जरा डोळे चोळती. पर हा टीव्हीचा डबा, एक मिनिट बावीस सेकंद. लई आळशी." मॅच तोवर संपली होती. बाबा आजही फोनवर विचारतात, "ते लाइट घालवणारे गृहस्थ बरे आहेत ना?"

मी इंजिनिअरिंग करून नांदेडहून लातूरला आले आणि बिराजदार अण्णांच्या छोट्या कारखान्यात लागले, तेव्हा माझी मुलाखत घेणारे खलीलभाईच होते. अण्णांचे वडील डाळ मिलचे मालक. अण्णांना मात्र डाळीच्या धुरळ्याने शिंका यायच्या, म्हणून त्यांनी गंजगोलाईच्या मागे दोन खोल्या घेऊन क्लासवाल्यांसाठी घंटा आणि हजेरीची मशीनं बनवायला घेतली होती. लातुरात तेव्हा क्लास असे उगवत होते की सकाळी रिकामा दिसलेल्या प्लॉटवर संध्याकाळी फिजिक्सची बॅच बसलेली असायची. खलीलभाई अण्णांचे मुख्य कारागीर. चाळिशीचे, सडपातळ, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर. लग्न केलेलं नाही. शिक्षण विचारलं तर म्हणायचे, "बारावी सायन्स, अर्धी."

मुलाखतीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता. "ताई, मशीन बंद पडायचं कारण शोधायला सगळेच शिकवतात. उठायचं कसं, हे शिकलात का?" मी काहीतरी इंग्रजी बोलले. ते अण्णांना म्हणाले, "पोरगी हुशार हाय. जरा फाजील शिकलेली हाय, ते जाईल हळूहळू."

ते गेलं कसं, त्याचीच ही गोष्ट आहे.

आम्हाला एका मोठ्या क्लासचं काम मिळालं. नाव घेत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. लातूरभर त्यांच्या शाखा, आणि मुलं सगळी बाहेरगावची: देवणीची, अहमदपूरची, उदगीरची, थेट धर्माबादची. मुलाने दारात अंगठा लावला की गावाकडे आईबापाच्या मोबाइलवर मेसेज गेला पाहिजे, पाल्य वर्गात आला. साडेआठपर्यंत अंगठा लागला नाही तर दुसरा मेसेज, आज वर्गात आलेला नाही. पहिल्या शाखेत हे नीट चाललं तर सगळ्या शाखा आमच्या. अण्णा त्या आठवड्यात दोनदा सिद्धेश्वराला जाऊन आले.

आता अशा डब्याच्या आत ऑपरेटिंग सिस्टीम कोणती घालायची, यावर आमचं जुंपलं. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे डब्याच्या आतला कारभारी. अंगठा कोणी बघायचा, मेसेज कोणी धाडायचा, आधी कोण आणि नंतर कोण, हे तो ठरवतो. बाजारात असे कारभारी पुष्कळ. खलीलभाईंनी त्यांचे तीन वर्ग केले होते.

पहिला नवाब. ऑफिसातल्या कॉम्प्युटरात असतो तो. "उठल्यावर आधी हुक्का, मग नाष्टा, मग दरबार. हजेरीच्या डब्यात नवाबाचं काय काम?" दुसरा नवरदेव, म्हणजे मोबाइलमधल्यासारखा. रंगीत पडदा, फोटो, गाणी, सगळा थाट. "दिसायला देखणा, पर घोड्यावरून उतरायलाच दीड मिनिट. आन् उतरला की अर्धी वरात मागं." तिसरा हमाल. तो एवढुसा, त्याची जाहिरात कुठे येत नाही, एका चिपमध्ये मावतो. "आडतीत हमालाला हाक मारा. आला, पोतं उचललं, ठेवलं. बोलत न्हाई, मागत न्हाई. दोन सेकंदात उठतो. आपल्याला हमाल पायजे."

मला नवरदेव हवा होता. स्पष्टच सांगते, मी त्याच्या प्रेमात होते. मुलाचा अंगठा लागला की पडद्यावर त्याचा फोटो झळकेल, गोड आवाजात सुप्रभात होईल, आणि निम्मं काम आयतं तयार मिळेल. हमाल घेतला तर दोन ओळींचा हिरवा पडदा, एक पीं असा आवाज, आणि सगळं मला हाताने लिहावं लागणार. कारखान्याच्या मधल्या टेबलावर मी अण्णांना दोन्ही दाखवले. अण्णांनी नवरदेवाच्या पडद्यावर स्वतःचा फोटो बघितला आणि तिथेच वाद संपला.

खलीलभाई रुसले नाहीत. त्यांनी फक्त त्यांची परीक्षा मागितली. शंभर झटके, अशी ती परीक्षा. मशीन चालू असताना प्लग उपटायचा, पुन्हा घालायचा, उठलं की वहीत एक उभी रेघ. जेवणाच्या सुट्टीत एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात प्लग, असा हा माणूस दोन दिवस बसला होता. मधून मधून मशीनशी बोलायचा, "ऊठ राजा, ऊठ. पोरं दारात हायेत." त्रेसष्टाव्या झटक्याला नवरदेव अडकला तो अडकलाच.

"हे बघा," ते म्हणाले.

"खलीलभाई, खऱ्या आयुष्यात शंभर वेळा प्लग कोण उपटतं?"

"लातूर," ते म्हणाले.

मी हसले. बॅटरी जोडून दिली आणि मशीन क्लासच्या दारात लावलं. आठ दिवस फोटो झळकले, सुप्रभात झालं, क्लासचे मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला उभं करून दाखवत होते. खलीलभाई रोज सकाळी आठला जाऊन रस्त्यापलीकडे चहाच्या गाड्यावर बसायचे. मशीनकडे बघायचे नाहीत, मुलांकडे बघायचे. विचारलं की म्हणायचे, "चहा चांगला हाय तिथला."

नवव्या दिवशी अण्णांनी खलीलभाईंना दुसऱ्या कामाला धाडलं होतं, आणि सकाळी पावणेआठला लाइट गेली. बॅटरीचं काय झालं म्हणाल, तर क्लासवाल्यांनी तिच्यावर मालकांच्या केबिनचा पंखा जोडला होता, ती केव्हाच मेलेली. लाइट आली, नवरदेव उठायला लागला, लाइट गेली. असं सात-आठ वेळा झालं. दारात पोरांची गर्दी वाढत गेली, शेवटी शिपाई म्हणाला, चला आत, लेक्चर सुरू झालं. सगळी पोरं अंगठा न लावता आत. सव्वाआठनंतर लाइट टिकली, नवरदेव घोड्यावरून उतरला, बघतो तर वर्गात कुणीच नाही. साडेआठ वाजले. त्याने इमानदारीत आपलं काम केलं. चारशेबारा घरी मेसेज गेला, आपला पाल्य आज वर्गात आलेला नाही.

क्लासचा फोन नऊ वाजता बंद पडला. मुलांचे मोबाइल दारातच जमा करून घ्यायची पद्धत, त्यामुळे पोरांना फोन लागेना. दहाच्या सुमारास पहिला बाप आला, मोटरसायकलवर, अंगात बनियन आणि वर जॅकेट. मग एसटी स्टँडकडून जथ्थेच्या जथ्थे यायला लागले. एकाने सरपंचाला आणलं होतं. एक आजी आली होती ती नातवाला बघायच्या आधीच शिपायाशी भांडत होती. येतच आहोत तर म्हणून काहींनी शेंगाची चटणी आणि भाकरी फडक्यात बांधून आणल्या होत्या. पोरगं हरवलंय का भुकेलंय हे नक्की नव्हतं, तेव्हा दोन्हीची तयारी. पोरं वर्गातून बाहेर येत आणि बापाला बघून आणखी घाबरत.

मला हसू येत होतं आणि रडूही. अण्णा दोन्ही हातांनी डोकं धरून बसले होते. मला वाटलं, आता खलीलभाई काहीतरी बोलणार. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चारशेबारा नावांची यादी छापून घेतली, निम्मी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "फोन लावा. लेकरू वर्गात बसलंय, मशीन खोटं बोललं, एवढंच सांगा. जास्त न्हाई." मी पन्नास फोन लावून दमले. ते प्रत्येक बापाशी वेगळं बोलत होते. "हाव दादा, मी सोता डोळ्यानं बघितलं, तिसऱ्या बाकावर हाय, निळा शर्ट." आणि खरंच आधी वर्गात जाऊन बघून येत होते. जो फोनवर भेटला त्याच्या नावापुढे टिक, जो येऊन भेटला त्याच्यापुढेही टिक.

दुपारी क्लासच्या मालकांनी सांगितलं, सोमवारपर्यंत नीट करा, नाहीतर मशीन घेऊन जा. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "काय घालायचं?" मी म्हणाले, "हमाल." खलीलभाईंनी मान हलवली आणि एक अट घातली. सकाळी एकदा जरी लाइट गेली असेल, तर हमालाने कुणाच्या घरी वाईट खबर धाडायची नाही. आधी शिपायाला सांगायचं, शिपायाने वर्गात जाऊन मोजायचं. "ठाव नसंल तर गप बसायचं. एवढं त्याला शिकवा, ताई." मी ते त्याच रात्री लिहायचं कबूल केलं.

संध्याकाळी साडेपाचला यादीत एकच नाव राहिलं. देवणीजवळची मुलगी, अश्विनी. वडिलांचा फोन बंद येत होता. क्लास सुटून ती गेली होती, आणि तिच्याकडे स्वतःचा मोबाइल नव्हता. आम्ही माझ्या स्कूटीवर तिच्या खोलीचा पत्ता शोधत गेलो. गल्लीत सगळ्या मुलींच्या खोल्या, दोन्हीकडे दोऱ्यांवर ओढण्या वाळत घातलेल्या. तिच्या दाराला कुलूप होतं. पायरीवर धोतर-टोपीतला एक माणूस गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. शेजारी पिशवी, हातात बंद पडलेला मोबाइल.

खलीलभाई गाडीवरून उतरले आणि तिथेच थांबले. मला वाटलं पाय मुरगळला.

"आमचे अब्बा असेच बसले होते," ते हळूच म्हणाले.

मग गल्लीच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी जे सांगितलं ते एवढंच. ते बारावीला लातुरात खोली करून राहिले होते, गाव किल्लारीच्या अंगाला. भूकंप झाला त्या सकाळी ते मिळेल त्या ट्रकने गावाकडे पळाले. अब्बा त्याच वेळी दुसऱ्या ट्रकमधून जखमी आईला घेऊन लातूरच्या दवाखान्यात येत होते. वाटेत चुकामूक झाली. गावात कुणीतरी सांगितलं, तुझे आईबाप दोघंही गेले. ते दोन दिवस घराचे दगड उपसत राहिले. इकडे दवाखान्यात आई गेली. अब्बा मुलाला तिचं तोंड दाखवायला न्यावं म्हणून खोलीवर आले, तर कुलूप. शेजारच्यांनी सांगितलं, तुमचा पोरगा गावाकडं गेला होता, तिकडंच गाडला गेला म्हणतेत. आईला पुरून अब्बा परत येऊन त्या पायरीवर बसले.

"दोन दिवस मी त्यांना मेलेलं समजून राहिलो, ताई. आन् ते मला. कुणी मुद्दाम न्हाई सांगितलं. ज्याला जे वाटलं ते बोलला." त्यांनी पायरीकडे बघितलं. "मी आलो तवा अब्बा उठले न्हाईत. माझे पाय चाचपून बघितले."

ज्या माणसाला मी वर्षभर विक्षिप्त म्हणून घरी नकला करून दाखवत होते, त्याच्यासमोर मला माझी लाज वाटली. मी त्यांचा हात धरला, त्यांनी तो हळूच सोडवून घेतला आणि जाऊन त्या माणसाच्या शेजारी पायरीवर बसले.

त्यांनी त्याला सांगितलं, पोरगी दिवसभर वर्गात होती, मी बघितली, आता अभ्यासिकेत गेली असंल, येईल. त्या माणसाने ऐकून घेतलं. विश्वास बसला की नाही ते कळलं नाही. थोड्या वेळाने त्याने पिशवीतून भाकरी काढली, अर्धी मोडून खलीलभाईंच्या हातात दिली आणि विचारलं, "तुमची बी पोरगी हितंच राहती का?"

"न्हाई."

"मग तुम्ही कुणाची वाट बघायलात?"

"तुमच्याच पोरीची," खलीलभाई म्हणाले.

अंधारायच्या आत अश्विनी आली, छातीशी वह्या धरून, मैत्रिणीशी बोलत. बापाला बघून थबकली. तो उठला नाही. जवळ आली तेव्हा त्याने फक्त हात पुढे करून तिचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. खलीलभाईंनी खिशातून यादी काढली. पेन त्यांच्याकडे नसतोच. मी माझा काढला, तर त्यांनी यादीच माझ्यापुढे धरली आणि शेवटची टिक मला करायला लावली.